काट्यावरचा काळा पडदा

काळ्या रंगावर आमच्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. काळ्या रंगावर जीव म्हटल्यावर कुणाला काळी माती आठवेल, कुणाला काळी म्हैस. साडूंचा जीव होता तो कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर. मुरुमच्या बाजाराच्या तोंडाशी त्यांचा स्वतःचा वजनकाटा आहे. ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो अशी अख्खी गाडी चढवून तोलतात, तसला. काट्याशेजारी पत्र्याची खोली, खोलीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावर मिट्ट काळोखात पांढरी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, माउस नाही. फार वर्षांपूर्वी काटा बसवायला आलेला कुणी इंजिनिअर युनिक्सच्या भावकीतली एक फुकट मिळणारी सिस्टीम त्यात घालून गेला, जाताना चार-दोन आज्ञा शिकवून गेला, आणि साडूंनी त्या आज्ञा जुन्या लोकांनी पावकी-निमकी पाठ करावी तशा पाठ करून टाकल्या. साडूंचं नाव मी इथं सांगणार नाही. ज्या बाईचा त्या नावावर पहिला हक्क, त्या माझ्या मोठ्या मेव्हणीनं, म्हणजे अक्कांनी, ते लग्नात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. पुढं कधी उच्चारलं नाही. मग धाकट्या साडूनं कळंबहून येऊन ते चारचौघांत घ्यावं हे काही बरं दिसत नाही.

साडूंच्या लेखी जगात दोनच गोष्टी खऱ्या, भरल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो माल. हा हिशेब ते माणसांनाही लावतात. गावात कुणी पुढारी तास-दीड तास भाषण ठोकून गेला की साडू शेजाऱ्याच्या कानात म्हणणार, "गाडी मोठी, पर माल न्हाय." माझं लग्न ठरलं तेव्हा मी मराठीचा मास्तर, बारीक अंगाचा, नवी पँट पट्ट्यानं आवळून त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांनी मला टाळूपासून टाचेपर्यंत पाहिलं आणि सासऱ्यांना दिलासा दिला, "रिकामी दिसायलीय, पर चाकं चांगली हायत." पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. वऱ्हाडाचा टेम्पो माणसांसकट आधी काट्यावर घेतला आणि मग मांडवात नेला. जेवणं झाल्यावर तीच माणसं, तोच टेम्पो, पुन्हा काट्यावर. दोन वजनांतला फरक त्यांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केला आणि वऱ्हाडाचं जेवण समाधानकारक झाल्याचं सांगितलं. वरमाय रुसली. नवऱ्या मुलाचे मामा मात्र म्हणाले की चहा राहिलाय, चहा पिऊन झाल्यावर आणखी एकदा घ्या.

पण खरा बघण्यासारखा प्रकार म्हणजे ते आणि त्यांचा काळा पडदा. "चित्रं पोरं बघत्यात, सर. कामाचं बोलणं अक्षरातच असतंय," हे मला त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल. त्या कीबोर्डला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. खंडेनवमीला काट्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा व्हायची, आणि साडू हळदीकुंकू असं सढळ हातानं वाहायचे की एंटरचं बटण कायमचं लाल होऊन बसलं होतं. काही बटणांच्या फटीत तर अक्षताही रुतल्या होत्या. त्यांची बोटं त्या बटणांवर बघत राहावीत अशी फिरायची. मान दाराकडं, गप्पा ड्रायव्हरशी, आणि बोटं आपली आज्ञा लिहून मोकळी. पडद्याकडं बघायची त्यांना गरजच पडत नसे. मला त्याचं भारी कौतुक.

दुसरं कौतुक त्यांच्या रामरामाचं. मुळातच माणूस अगत्याचा, पण गेल्या दोन-एक वर्षांत ते अगत्य उतू जायला लागलं होतं. ताडपत्री टाकून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरलाही ते "रामराम, पाटील" म्हणत. एकदा माझ्यादेखत त्यांनी सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीला "हुबा का? बसा की, च्या घ्या" असा आग्रह केला. आम्ही घरी येऊन पोट धरधरून हसलो. माझी बायको म्हणाली, "दाजींचा स्वभावच तसला. कुणाला उभं राहू देणार नाहीत."

अशात सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी निकाल दिला. मोतीबिंदू. एक डोळा पिकलेला, दुसरा पिकायच्या बेतात. पिकलेला लवकरात लवकर काढून घ्या, फार थांबलात तर पुढं अवघड होईल, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे धुळीत बसायचं नाही. आता वजनकाटा म्हणजे धुळीचंच माहेर. साडूंकडं सबबींची काय वाण? हिवाळ्यात हंगाम असतो, पावसाळ्यात डोळ्याला पाणी लागतं, उन्हाळ्यात जखम वाळत नाही, असे तिन्ही ऋतू त्यांनी बाद केले. चौथी सबब मात्र खरी होती. काट्यावर माणूस घरचा पाहिजे, आणि मुलगी सासरी गेल्यावर घरचं असं एकच माणूस उरलं होतं.

अक्का म्हणजे भरलेली गाडी. बोलणं खणखणीत, हिशेब तोंडी, मोबाईलवर बोट असं चालतं की आम्ही नवरे मंडळींनी तोंडात घालावं. त्या म्हणाल्या, "बसते की काट्यावर म्या. पर त्या काळ्या पडद्याम्होरं न्हाय. अंधाऱ्या आडात वाकून बघितल्यावानी वाटतंय मला. मोबाईलसारखं चित्र आणा, लगेच बसते."

"माझ्या मशीनवर चित्र येणार न्हाय," साडू म्हणाले.

"मग म्या बी येणार न्हाय."

"मग डोळा बी ऱ्हाऊ द्या तसाच."

झालं. एका चित्रापायी साडूंचा डोळा टांगणीला लागला. माझी बायको रोज फोन करून रडायची, साडू रोज फोनवर सगळ्यांची खुशाली विचारून डोळ्याची तेवढी शिताफीनं टाळायचे. शेवटी अक्कांनी अबोला धरला. भांडल्या नाहीत, जेवायला वाढत होत्या, पण घरात "अहो" ऐकू येईनासं झालं. साडूंनी ते किती दिवस सोसलं मला माहीत नाही. मे महिन्यात त्यांचा फोन आला, "सर, सुट्टी लागली न्हवं? मग या. चित्र बसवायचंय." न्हाणीत फरशी बसवायचीय अशा थाटात बोलले. मला कॉम्प्युटरचं ज्ञान कितपत, तर शाळेत माझा वर्ग कॉम्प्युटरच्या खोलीला लागून आहे, एवढंच. पण ते साडूंना पुरेसं वाटलं. मी एसटी बदलत बदलत निघालो, अणदूरला उतरून चहा घेतला, आणि टळटळीत दुपारी मुरुमच्या काट्यावर जाऊन पोचलो.

पोचल्या पोचल्या कामाची वाटणी झाली. मी माझ्या फोनवर कृती वाचायची, साडूंनी टाईप करायचं. "चष्मा घरी ऱ्हायला, न्हायतर म्याच वाचलं असतं," ते म्हणाले. पत्र्याच्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून अक्कांचा फोन पिशवीत घालून बाहेर लिंबाच्या फांदीला टांगला आणि त्यावरून नेट घेतलं. मी वाचायला लागलो. आधी सिस्टीम अद्ययावत करून घ्या. साडूंनी केली. मग डेस्कटॉप निवडा. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरचा सगळा चित्रांचा संसार, आणि युनिक्सच्या भावकीत तो एकाच तऱ्हेचा नसतो. एकेकाचं वर्णन मी वाचत गेलो. हा देखणा आहे, ह्यात सोयी फार आहेत, हा नवशिक्यांना बरा. साडूंनी मला हातानं थांबवलं.

"रिकाम्याचं वजन किती?"

मी बुचकळ्यात पडलो. मग लक्षात आलं की नुसता सुरू करून ठेवला तर कोणता डेस्कटॉप किती मेमरी खातो, ते खरोखरच तिथं दिलेलं होतं. मी आकडे वाचले. साडू एकेकाला नापास करत गेले. "ह्यो नको, खाणारा हाय. आपलं मशीन गरिबाघरचं." "ह्यो दिसायला चांगला म्हन्तायत, म्हंजे खर्चिक असणार." दारात उभ्या असलेल्या अक्का अबोला विसरून म्हणाल्या, "सून बघायलाव का काय?" साडूंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी सगळ्यांत हलका डेस्कटॉप पसंत केला आणि लाल बटण दाबलं.

नेटवरून सामान उतरायला लागलं तसा कडब्याचा एक ट्रॅक्टर काट्यावर येऊन थांबला. ट्रॅक्टरवाला डोकावून म्हणाला, "मालक, आपलं वजन कवा व्हायचं?" साडू म्हणाले, "थांब. हितं घर बांधायलोत." त्याला चहा दिला. नेट तुटलं, पिशवी वरच्या फांदीला हलवली, पुन्हा चहा. मशीननं मध्येच विचारलं की इतकं इतकं सामान घेऊ का, हो की नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा साडू समाधानानं म्हणाले, "इचारून घेतंय म्हंजे वळण चांगलं हाय." शेवटची पायरी अशी होती की मशीन सुरू होताच चित्र आपोआप यावं म्हणून एका फायलीत दोन ओळी लिहायच्या. मी वाचल्या, साडूंनी दाराकडं बघत सराईतपणे लिहिल्या. मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मी, अक्का आणि ट्रॅक्टरवाला, तिघंही पडद्याला डोळे लावून बसलो.

पडदा काळा झाला, चार पांढऱ्या ओळी आल्या आणि एक रेघ लुकलुकत राहिली.

"हेच तर आधी बी हुतं," अक्का म्हणाल्या.

मी ओळी वाचल्या. चूक साधी होती. डेस्कटॉप चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या नावातलं एक अक्षर फायलीत राहून गेलं होतं, आणि असल्या नावाचं काही सापडत नाही असं मशीन सांगत होतं. मी म्हणालो, "दाजी, हे बघा, इथं एक अक्षर राहिलंय."

"व्हय की," साडू म्हणाले. "दिसलं, दिसलं. ह्ये काय." आणि त्यांनी बोट ठेवलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात. तिथं काहीच नव्हतं.

ट्रॅक्टरवाला उगाच कप उचलून बाहेर गेला. मला दाराकडं बघत लिहिणारी त्यांची बोटं आठवली, घरी राहिलेला चष्मा आठवला, ताडपत्रीला केलेला रामराम आठवला, आणि त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो तेही आठवलं. काट्याचे लाल आकडे तळहाताएवढे, ते त्यांना कसेबसे दिसत असावेत. बाकी सगळा कारभार पाठांतरावर चालला होता. काळ्या पडद्याचं प्रेम खरं होतं, नाही असं नाही. पण अलीकडं त्या प्रेमाला दुसरं एक कारण होतं, ते म्हणजे काळा पडदा त्यांना न बघता चालवता येत होता. चित्र आलं असतं तर ते बघावं लागलं असतं.

"किती दिस झालं?" अक्कांनी विचारलं.

"अक्षरं पाठ हायत," साडू म्हणाले. "बघायची गरज पडत न्हाय."

"म्या दिसते का?"

साडू हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आवाज ऐकू येतो की. तेबी बंद केला हुतास मधी."

अक्कांनी पदरानं हात पुसले. "सरका," त्या म्हणाल्या, आणि ज्या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं तीत जाऊन बसल्या. साडू भिंतीला टेकून उभे राहिले आणि एकेक आज्ञा सांगायला लागले. अक्का एका बोटानं बटण हुडकायच्या, दाबायच्या. साडू नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "दोनदा दाबलंस बघ. एक खोड." शेवटी म्हणाले, "आता लाल बटन." मशीन पुन्हा सुरू झालं आणि ह्या खेपेला पडद्यावर उजेड पडला. निळसर पडदा, मध्ये एक चौकट.

"आलं काय?" साडूंनी विचारलं.

"आलंय. नाव इचारायलंय."

"मग लिव्ह की माझं नाव. त्येच हाय तितं."

अक्कांचं बोट बटणावर जाऊन तसंच थांबलं. ह्या बाईनं नवऱ्याला आयुष्यात काय काय म्हटलं असेल, त्याची यादी केली तर इथं छापता येणार नाही. पण ते एक नाव लग्नानंतर त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि आता बोटातूनही निघेना. मी म्हणालो, "अक्का, मी लिहू का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा, सर." थोडा वेळ विचार केला, आणि मग नवऱ्याला हाक मारायला जे एकच नाव त्यांनी आजवर वापरलं होतं ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं. 'अहो'. लाल बटण दाबलं. मशीननं साफ नकार दिला.

"इतकी वर्सं ह्याच नावाला ओ द्यायलेत," अक्का पडद्याला म्हणाल्या. "तुला कळंना व्हय?"

साडू हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले, मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "चूक मशीनची हाय," ते म्हणाले. "सर, मागं काळ्या पडद्यावर जावा. म्या सांगतो तसं लिवा. ह्या नावाचं नवं खातं उघडू." आम्ही उघडलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा अक्कांनी आम्हां दोघांनाही भिंतीकडं तोंड करून उभं केलं, अगदी ज्याला दिसत नव्हतं त्या नवऱ्यालासुद्धा. आम्ही पत्र्याच्या भिंतीकडं बघत राहिलो. मागं बटणं सावकाश वाजत होती.

मग चित्र आलं. साडू म्हणाले, "सांग की, कसलं हाय?"

"डोंगर हाय. निळा. पायथ्याला पान्यानं भरल्यालं तळं."

"भरल्यालं? मग आपल्याकडचं न्हाय."

वजनाचा प्रोग्राम उघडायला मी अक्कांसाठी काट्याचं एक छोटं चित्र बसवून दिलं. त्यावर बाण नेऊन मी बरोबर आणलेल्या माउसचं बटण दाबलं की चौकट उघडायची, आणि चौकटीच्या आत तोच काळोख आणि तीच पांढरी अक्षरं. प्रोग्राम जुनाच होता, त्याला कोण काय करणार? साडूंना हे सांगितल्यावर त्यांना कोण आनंद झाला. "बघ, आतून काळंच हाय." अक्का म्हणाल्या, "असू दे. भोवती डोंगर हाय न्हवं." आणि बाहेर ताटकळलेल्या कडब्याचं वजन त्यांनीच घेतलं. त्याच आठवड्यात साडूंचा पहिला डोळा सोलापूरला झाला, दुसरा पावसाळ्याच्या शेवटी.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा मुरुमला गेलो. सोयाबीनच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि काट्यावर अक्का बसल्या होत्या. साडू काळा चष्मा लावून बाहेर बाजेवर. मला लांबूनच ओळखून म्हणाले, "सर, पिकलात की तुमी. आन् गाडी बी रिकामी ऱ्हायली न्हाय." मी पोट आत घेतलं. डोळ्याचं विचारलं तर लहान पोरासारखे सांगायला लागले, लिंबाची पानं वेगवेगळी दिसतात, बाजारात रामराम करताना समोर माणूसच असतो. खोलीकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "तिचं केस कवा पांढरं झालं, मला कुनी सांगितलंच न्हाय." दोन वर्षं त्या माणसानं आपल्या बायकोला नुसतं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्या यायच्या आधी, आम्ही खोलीत चहा पीत होतो. अक्का आल्या, खुर्चीत बसल्या, मशीन सुरू केलं. साडू मला एक रंगलेली गोष्ट सांगत होते. ती मध्येच सोडून ते उठले आणि टोपी घेऊन बाहेर गेले. मला काही कळेना. मी मागोमाग गेलो.

"काय झालं, दाजी?"

"ती पासवर्ड टाकायलीय."

"मग? पडद्यावर नुसते ठिपके येतात. दिसतंय काय त्यात?"

साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पट्टी निघाल्यावर एकदा म्या तिच्या मागं हुबा हुतो, सर. तिला ठावं न्हाय. एकेक बटन हुडकून दाबती ती. तुमाला ठिपके. मला बटनं पाठ हायत."

"काय आहे मग पासवर्ड?"

ते मिशीतल्या मिशीत हसले. "लगीन झाल्यापासनं ते नाव तिनं घेतलं न्हवतं," एवढंच म्हणाले. "आता रोज सकाळी घेती."

मी विचारलं, "तुम्हाला कळलंय हे सांगितलंत का त्यांना?"

"येडे का काय? सांगितलं तर बदलंल ती."

आतून बटणांचा आवाज यायला लागला, एकेक, थांबत थांबत. समोर ताडपत्री टाकलेला एक ट्रॅक्टर उभा होता, आसपास चिटपाखरू नव्हतं. साडू खोलीकडं पाठ करून त्याच्यासमोर गेले आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "रामराम, पाटील." आतला आवाज थांबेपर्यंत ते तसेच हात जोडून उभे होते.